नेलपेंटचा ठिपका

मामांच्या अंगणात गाडी लावली. मी उतरायच्या आत खिडकीशी येऊन ते म्हणाले, "पुढचं डावं चाक ओरडतंय. कधीपासून?"

"खंबाटकी उतरताना लक्षात आलं, वेळ्याच्या जवळ. आणि मामा, सोमवारीच सर्व्हिसिंग करून आणलीय. अकरा हजार सातशे चाळीस."

"मग चाक नाही ओरडत ते. तुझे पैसे ओरडतायत."

मामा एसटीतले. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत शिकले, नोकरीची बहुतेक वर्षं सातारा डेपोत गाड्यांच्या पोटाखाली काढली आणि हेड मेकॅनिक म्हणून बाहेर पडले. मी पुण्यात लेखापरीक्षक; पतसंस्थांची दप्तरं आणि गोदामांचे साठे तपासते. दोघांचंही पोट दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यावर चाललं, तरी गॅरेज या विषयावर आमचं कधीच जमलेलं नाही. मामांचं म्हणणं, मिस्त्री एकदा पारखून घ्यावा आणि मग त्याच्या हातात किल्ली देऊन गप्प बसावं. माझं म्हणणं, पैसे मोजले की काम बघायचंच, मग मिस्त्री सख्खा भाऊ का असेना.

या वेळी माझ्या हातात पुरावा असल्यामुळे मी जरा ताठ्यातच होते. गाडी द्यायच्या आदल्या रात्री मी ऑइल फिल्टरवर आणि एअर फिल्टरच्या कडेला लाल नेलपेंटचा एकेक ठिपका दिला होता. किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवला होता. जॉब कार्डवर लिहून घेतलं होतं : जुने पार्ट परत द्यावेत.

"नेलपेंट?" मामी दारातून म्हणाल्या. "म्हणजे दिवाळीत माझी बाटली तूच नेलीस होय?"

"गोदामात पोती मोजताना मोजलेल्या पोत्यावर खडूची रेघ मारतात ना मामी, तसं. एकच पोतं दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून."

"आणि इथं काय मोजायचंय?"

"माणूस," मामा म्हणाले आणि त्यांनी बॉनेट वर केलं.

एअर फिल्टर बघायला पाना लागत नाही. डब्याचे चार खटके हातानं निघतात. मी झाकण उचललं आणि फिल्टर बाहेर काढला. कडेला माझा लाल ठिपका जसाच्या तसा. बिलातली पाचवी ओळ मी तिथेच मोठ्यानं वाचून दाखवली : एअर फिल्टर, एक नग, चारशे साठ रुपये. मला वाटलं, मामा निदान एक शिवी तरी देतील. त्यांनी फिल्टर माझ्या हातातून घेतला, दोनदा गुडघ्यावर आपटला आणि उन्हाकडे धरला.

"उजेड आरपार येतोय. अजून पाच-सहा हजार किलोमीटर आरामात जाईल. बदलायची गरजच नव्हती."

"हा काय त्याचा बचाव झाला?"

"बचाव कसला? चोरी ती चोरी. पण समज, त्यानं खरंच बदलला असता. तू ठिपका शोधला असतास, सापडला नसता, टिक मारून खूश झाली असतीस. चारशे साठ रुपये तरीही पाण्यातच गेले असते. फक्त ते तुझ्या ऑडिटला दिसले नसते."

मी उत्तर दिलं नाही, कारण लगेच सुचलं नाही. ऑइल फिल्टरवरचा ठिपका मात्र गायब होता. फिल्टर नवा कोरा. मामांनी तेलाची पट्टी काढली, चिंधीनं पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मधासारखं तेल.

"बघा. हे तर केलंय," मी म्हणाले. न्यायाला धरून बोलावं म्हणून.

"पेट्रोल गाडी आहे म्हणून तुला रंगावरून कळलं. डिझेलच्या गाडीत आज तेल बदललं की घरी पोचेपर्यंत काळं होतं. डेपोत नवे पोरगे एकमेकांवर त्यावरून आळ घ्यायचे." पट्टी त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "रंग सोड. कुठवर आहे बघ."

वरच्या खुणेच्याही वर. जवळजवळ अर्धा बोट.

"बिलात तेल किती?"

"साडेतीन लिटर. डबा साडेतीनचा येतो."

"आणि पुस्तकात?"

गाडीचं मॅन्युअल मी त्याआधी कधी उघडलं नव्हतं, हे इथे कबूल करायला हवं. ग्लव्ह बॉक्समधून काढलं. फिल्टरसह ३.१ लिटर.

"म्हणजे चारशे मिलि जास्त. तुझ्या गॅरेजवाल्यानं तुझं एक थेंबही तेल खाल्लं नाही. अख्खा डबा इमानदारीनं ओतला. बिल आणि इंजिन तंतोतंत जुळतंय. करायचं पास?"

"जास्त असलं तर काय होतं?"

"क्रँक तेलात बुडून घुसळतो, फेस होतो. फेस कुठं वंगण देतो का? सीलवर दाब येतो, गळती लागते. शंभर-दोनशेनं काही बिघडत नाही, पण हे काढलेलं बरं." त्यांनी शेजारच्या गोठ्याकडे हाक मारली आणि गुरांच्या डॉक्टरची मोठी सिरिंज मागवली. पट्टीच्या नळीतून बारीक पाइप सोडून त्यांनी थोडंथोडं तेल उपसायला सुरुवात केली, तेही हिशेबानं, एका बाटलीत, बाटलीवर मापाच्या रेघा. "उरलेलं तेल डिक्कीत द्यायला पाहिजे होतं. गिऱ्हाइकाचं असतं ते. पण दिलं असतं तर तूच म्हणाली असतीस, कमी का घातलं."

असं मी म्हणाले असते का? बहुतेक म्हणाले असते.

चाक काढायची वेळ आली. मामांनी दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहाताची मागची बाजू नेली आणि मलाही न्यायला लावली. घाट उतरून आल्यावर दोन्ही गरम असणारच, पण डावं चांगलंच चटका देईल असं. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावला, नट आधी जमिनीवरच सैल केले, मग जॅक. चाक बाजूला ठेवल्यावर त्यांनी कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडवला आणि कॅलिपर वर उचलून धरला. पॅड नवे होते. जाड, कडा तासलेल्या, अजून छापील नंबर पुसलेला नव्हता. बिलाची सातवी ओळ खरी होती. जुने पॅडही डिक्कीत वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाले होते.

मग त्यांनी कॅलिपरची पिन ओढून बघितली. आली नाही. पक्कडीनं पिळून काढली तेव्हा कोरडी, तांबूस गंज चढलेली. "ही पिन सरकते म्हणून दोन्ही बाजूचे पॅड सारखे दाबतात आणि सारखे सुटतात. ही अडकली की आतला पॅड चिकटून राहतो. चाक तापतं, ओरडतं, आणि तुझे नवे पॅड एका बाजूनं पंधरा हजारातच संपतात. पिन काढायची, पॉलिश पेपरनं घासायची, ग्रीस लावायचं. साधं ग्रीस नाही, त्यानं रबर फुगतं. ब्रेकचं वेगळं येतं. एका चाकाला दहा मिनिटं. नेलपेंट कुठं लावणार होतीस यासाठी?"

"पण 'ब्रेक ओव्हरहॉल लेबर' म्हणून आठशे रुपये लावलेत मामा."

"लावलेत ना. त्या ओळीखाली काहीही बसतं. आमच्याकडे ड्रायव्हर लॉगशीटवर लिहायचा, 'ब्रेक कमी'. पलीकडच्या रकान्यात मिस्त्री लिहायचा, 'अटेंडेड'. अटेंडेड म्हणजे काय? ब्रेक उघडला? अ‍ॅडजस्ट केला? का नुसता चाकाकडे बघून आला? खाली माझी सही. पहाटेची महाबळेश्वर सुटायची असायची, रांगेत चार गाड्या, पाऊस. त्यातल्या किती सह्या मी गाडीखाली न वाकता केल्या, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. पण विश्वासाचा एवढा पुरस्कार करणारा माणूस हे सांगतोय, याची नोंद मनात केली.

"मग तुम्हाला कळायचं कसं, काम झालंय का?"

"दुसऱ्या रात्री तोच ड्रायव्हर आला की त्याला चहा पाजायचो. मेढ्याच्या चढाला काय म्हणते, उताराला काय म्हणते. लॉगशीट नंतर. पार्ट बदलला का, हा प्रश्न स्टोअरचा. दुखणं गेलं का, हा माझा."

ग्रीस लावता लावता त्यांनी जे सांगितलं, ते मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साताऱ्यात त्यांचा पोवई नाक्याजवळचा एक मिस्त्री आहे. एका गिऱ्हाइकाची गाडी सकाळी चालू व्हायची नाही. दोन गॅरेज फिरून आली होती. एकानं बॅटरी बदललेली, दुसऱ्यानं स्टार्टर उतरवून दुरुस्त केलेला. दोघांचीही कामं झालेली, पावत्यांसकट, जुन्या बॅटरीसकट. याच्याकडे आली तेव्हा त्यानं दीड तास वायरी चाचपल्या आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या वायरीचा गंजलेला बोल्ट काढून, घासून, पुन्हा आवळला. आठशे रुपये मागितले. गिऱ्हाईक भांडायला उठलं : एक बोल्ट पिळायचे आठशे?

"त्याच माणसानं बॅटरीचे साडेपाच हजार न बोलता दिले होते," मामा म्हणाले. "कारण बॅटरी दिसते. तुम्ही लोक दिसणाऱ्या कामाचे पैसे देता. मग मिस्त्री दिसणारं काम करायला लागतो. साफ करून भागत असेल तरी बदलतो, कारण साफसफाईला पार्ट नंबर नसतो. तुझा ठिपका जितका हुशार, तितकं तुझं बिल लांब होणार."

हा मुद्दा मला आजही खोडता आलेला नाही. पण मामांच्या भूमिकेत एक मोठं भोक आहे आणि ते मी तिथेच दाखवलं.

"तुम्हाला विश्वास ठेवायला परवडतं मामा. तुम्ही गॅरेजच्या दारात उभे राहिलात तरी मिस्त्री पिन काढून घासतो, कारण त्याला माहीत असतं, म्हातारा चाकाला हात लावून सांगेल. मी उभी राहिले की अ‍ॅडव्हायझर विचारतो, 'सर आले नाहीत का?' गाडी माझ्या नावावर, पैसे माझे, आणि तो ब्रेकबद्दल माझ्या नवऱ्याला फोन करतो, ज्याला स्टेपनी कुठं असते ते माहीत नाही. मी कुणाला पारखू, आणि कशाच्या जोरावर?"

मामा काही बोलले नाहीत. मागचं चाक काढायला घेतलं. ते त्यांच्याकडून आलेलं उत्तरच होतं, कारण मागच्या ब्रेककडे बघायची गरज नव्हती. मागचं चाक ओरडत नव्हतं.

ड्रम दिसला. त्याच्या मधोमध, हबला टेकतो तिथे, गंजाची एक बारीक कड गोल फिरलेली होती. मामांनी नखानं दाखवली. "हा ड्रम ठोकून काढावा लागतो. काढला की ही कड तुटते. ही अखंड आहे. वर धूळही बसलीय." बिलातली नववी ओळ : मागचे ब्रेक उघडून साफ करणे व अ‍ॅडजस्ट करणे, सहाशे पन्नास.

"म्हणजे उघडलेच नाहीत."

"वर्षभरात नाहीत."

इथे त्यांचा आवाज बदलला. एअर फिल्टरला ते हसले होते, तेलाला चिडले होते. याला गप्प झाले. फिल्टर न बदलणं ही चोरी. ब्रेक न उघडता उघडला म्हणून लिहिणं हे एसटीतल्या माणसाच्या लेखी वेगळ्याच रकान्यात जातं. घाट उतरणाऱ्या गाडीत किती माणसं बसतात, हे ज्यानं रोज मोजलंय त्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

त्यांनी ड्रम ठोकून काढला, आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसून घेतली. फुंकर मारू दिली नाही. ती धूळ छातीत जाऊ नये म्हणाले. लायनर पुरेसे होते. दुसऱ्या बाजूलाही तेच. मी बिलावर लाल पेनानं गोल करत होते.

"आता काय करणार? कोर्टात जाणार?"

"आधी फोन. मग लेखी. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला तक्रार. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. जॉब कार्ड, बिल आणि आजचे फोटो. तो ड्रम काढताना मी व्हिडिओ घेतलाय."

"अकराशे दहा रुपयांसाठी?"

"प्रश्न आकड्याचा नाही. बिलात ब्रेक पॅडवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लावला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर अठराच आहे. काउंटरवरच दाखवलं, लगेच दुरुस्त करून दिलं, 'सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही' म्हणाले. कुणी बघत नाही म्हणून ते अपडेट होत नाही, मामा."

"बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत काढली तेव्हा, १९७४ साली, असेच लोक होते. आमचे फोरमन हसायचे त्यांना. पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कशाला जातेस? आमच्या मिस्त्रीकडे आण."

"पुण्याहून? आणि त्याच्याकडे या गाडीचा स्कॅनर आहे का?"

नव्हता. हे दुखणं खरं आहे आणि जुनं आहे. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. मग अपिलं, कोर्टं. मामांच्या मिस्त्रीला त्या निकालातला अजून एक पानासुद्धा मिळालेला नाही. इंजिनचा दिवा लागला की त्याला आजही गिऱ्हाईक कंपनीकडे पाठवावं लागतं.

मी पर्समधून माझं छोटं यंत्र काढलं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत बसतं, मोबाइलला जोडतं. मामांना त्यातली एक गोष्ट फार आवडली. बिघाडाचा कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा इंजिनचा कॉम्प्युटर स्वतः ठेवतो. दिवा विझवला म्हणजे दुरुस्ती झाली असं कुणी सांगितलं, तर कोड कुठल्या दिवशी पुसला ते या आकड्यावरून काढता येतं.

"म्हणजे ही लॉगशीट गाडीच लिहिते."

"हो. आणि सही कुणाची लागत नाही."

"पण कोड का आला होता, ते नाही लिहीत."

"ते नाही लिहीत."

एसीच्या ओळीवर त्यांनी एकच प्रश्न विचारला. गॅस भरला म्हणतात, किती ग्रॅम? बिलात आकडा नव्हता. "गॅस काय पेट्रोल आहे का, संपायला? बंद नळीत फिरतो. कमी झाला तर कुठंतरी गळतोय. गळती न शोधता भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात परत पैसे. किती निघाला, किती घातला, मशीन ग्रॅममध्ये दाखवतं. किती घालायचा ते बॉनेटखाली चिकटवलेलं असतं. गाडी देतानाच सांगायचं, आकडा लिहून द्या. नंतर तपासून हाती काही लागत नाही. वायूला काय ठिपका लावणार?"

जे सांगायचं ते आधी सांगायचं, हे मात्र आम्हा दोघांनाही मान्य झालं, जरी दोघं आपापल्या वाटेनं तिथे पोचलो. जुने पार्ट नंतर मागितले तर कुणाचेही मिळतात. मामांनी एकच जळका क्लच चार गिऱ्हाइकांना दाखवणारा माणूस बघितलाय. आधी, जॉब कार्डावर, आपल्या पार्टवर खूण करून मागितले तर आपलेच मिळतात. आणि बदलायच्या आधी 'काढून मला दाखवा, मग बदला' एवढं म्हटलं तर निम्मे पार्ट बदलावेच लागत नाहीत. त्यासाठी अर्धा दिवस गॅरेजात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसावं लागतं. माझी रजा जाते. मामा म्हणतात, जाऊ दे.

फोन लावला, स्पीकरवर. अ‍ॅडव्हायझर नम्र होता. एअर फिल्टर पोराकडून राहिला असेल म्हणाला. मागचे ब्रेक? "मॅडम, ते चेक केलेत." मी म्हणाले, ड्रम माझ्यासमोर उघडलाय, कड अखंड होती. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग : "मॅडम, सर आहेत का जरा?"

मामांनी हात पुसले, फोनकडे वाकले आणि म्हणाले, "सर आहेत. पण गाडी तिची आहे, तिच्याशी बोल."

तेवढ्यात आतून मामींनी पानं वाढल्याची हाक मारली, दुसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात. मामांनी घाईनं शेवटचं चाक चढवलं, नट आवळले, जॅक उतरवला, पाना माझ्याकडे देऊन नळावर गेले. मी उगाचच, हातात होता म्हणून, पाना एकेका नटाला लावून बघितला. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा पाव फेरा फिरला.

मी वर बघितलं. मामा नळाशी साबण हातात धरून उभे होते. त्यांनी बघितलं होतं. चाक जमिनीला टेकल्यावर नट पुन्हा एकदा आवळायचे असतात, हे त्यांनीच मला शाळेत असताना शिकवलं होतं.

"चौथा पण बघ," ते म्हणाले. मग घराकडे तोंड करून, "अगं, नेलपेंटची दुसरी बाटली आहे का?"